खुनाची पोथी

खोपोलीच्या कारखान्यामागच्या चाळीत त्या काळी दुपारची कामं आटोपली की बायका जयाच्या दारात जमायच्या. कुणाच्या सुपात तांदूळ, कुणाच्या परातीत वाल. जया दहिवलीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, चाळीत वाचता येणारी तेवढी एकच. स्टेशनाजवळच्या दुकानातून ती खुनाच्या गोष्टींची पुस्तकं भाड्याने आणायची आणि मोठ्याने वाचायची.

"हिला पुस्तकाचं भारी याड," शेजारची आवडी म्हणायची.

वेडबीड काही नव्हतं. जयाचा नवरा गजा कारखान्यातली पाळी संपवून त्याच सुमाराला घरी यायचा. चहा गार, आमटी खारट, काहीतरी निघायचंच, आणि मग कमरेचा पट्टा निघायचा. दारात बायका बसलेल्या दिसल्या की मात्र तो मुकाट्याने तोंड धुऊन नाक्यावर जायचा. म्हणून जया वाचायची.

भिंती पत्र्याच्या होत्या. पट्ट्याचा आवाज पार टोकाच्या खोलीपर्यंत जायचा. पण नवरा-बायकोच्या मधे कोण पडणार?

त्या बायकांत मोतीबाई थोरली. तिला अक्षर येत नव्हतं. माहेरी तिने श्रावणात पोथी ऐकलेली, तेव्हा मोठ्याने वाचतात ती पोथी, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नवं पुस्तक आलं की ती आधी त्याला हळदकुंकू लावायची.

"मावशे, ह्यात खुनी हाय, देव नाय," आवडी हसायची.

"असंल. तू गप ऐक. मधी बोलू नये."

त्या दिवशी पुस्तकाची शेवटची पानं तेवढी उरली होती. यंत्र बिघडलं म्हणून गजा लवकर आला. बायका अजून जमायच्या होत्या. त्याने आत येऊन कडी लावली.

"रोज जत्रा भरवतेस व्हय गं? माज्या घरात मलाच जागा नाय?"

पहिला पट्टा तोंडावर बसला. ओठ फाटला. जया चुलीपाशी पडली, तशी त्याने बरगडीत लाथ घातली, मग पुन्हा घातली. तिने छातीशी धरलेलं पुस्तक त्याने ओढलं, मधोमध फाडलं आणि मोरीत भिरकावलं.

सूप घेऊन आलेल्या मोतीबाईने ते खिडकीतून पाहिलं.

"पोथी फाडली मेल्यानं," ती हळूच म्हणाली.

मागोमाग आलेल्या बायकांनी दाराला खांदे लावले, तशी कडी निखळली. आवडीने पट्टा हिसकावला. मोतीबाईने लाकडी पाट उचलून गजाच्या डोक्यात घातला. तो खाली बसला, तरी तिने पुन्हा पाट घातला. कुणी केस धरले, कुणी वरवंट्याने हातावर मारलं. मनगट मोडल्याचा आवाज झाला आणि तो गुरासारखा ओरडला.

"पोथीला हात लावतोस? पोथीला?" बायका ओरडत होत्या.

जया जमिनीवर पडून ऐकत होती. तिचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं.

मोतीबाईने ओली पानं पदराने टिपली. "अर्धी ठिवली तर पाप लागंल गं. उंद्या वाचशील ना?"

जयाने तोंडातलं रक्त थुंकलं.

"ही जागा बाटली, मावशे. तुज्याकडं वाचाय लागंल." मग थांबून तिने तिथल्या तिथे एक नियम केला. "आन वाचणारीनं पोथीपाशीच निजायचं असतं."

मोतीबाईने मान डोलावली. "आसतंच. घे तुजं आंथरूण."

जयाने वळकटी काखेत मारली आणि कण्हणाऱ्या गजाला ओलांडून बाहेर पडली.

"किती ऱ्हायलीय गं आजून?" मोतीबाईने विचारलं.

"पुष्कळ," जया म्हणाली.