दचक्याची अर्धवेळ आई

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे आणि माझ्यामुळे एका उंदराचा मेंदू शांत झाला. हे आता सिद्ध झालेलं आहे.

बरं, सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते म्हटलेलं नाही. आपण नव्याने सुरुवात करू.

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. कारखान्यात एका बाईंनी माझे केस बांधले, दुसरीने ते पत्र्यात आवळले, आणि तिसरी माझ्या लाकडी दांडीला रंग देणार तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. म्हणून मी बिनरंगाचा राहिलो. दुकानात मी मोठमोठी स्वप्नं पाहायचो. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि नदीत होडीपेक्षा मोठं कमळ.

पण मला घेतलं ते प्राण्यांच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंनी. त्यांनी मला गालावरून फिरवून पाहिलं.

"ताई, हा कागदावर चालवायचा असतो," दुकानदार म्हणाला.

"मला उंदरांवर चालवायचाय."

दुकानदाराने मला घाईघाईने दोन पिशव्यांत गुंडाळलं.

प्रयोगशाळेत खिडकीजवळ दोन पिंजरे होते. प्रत्येकात एक पांढरी उंदरीण आणि तिची अंगठ्याएवढी गुलाबी पिल्लं. एरवी उंदरीण घरटं करते, पिल्लांना पोटाशी घेते आणि चाटत बसते. त्या चाटण्याने पिल्लू स्वच्छ होतंच, शिवाय त्याच्या मेंदूतल्या पेशींनाही वळण लागतं. कधी जागं व्हायचं आणि कधी गप्प बसायचं, हे त्यांना कळू लागतं. पण या दोघींना मुद्दाम मूठभरच कागदाच्या पट्ट्या दिल्या होत्या. तेवढ्यात घरटं होईना. बिचाऱ्या सारखं तेच ते कागद इकडून तिकडे ओढायच्या, पिल्लांना तुडवून जायच्या. चाटायला सवडच नाही. शास्त्रात याला प्रयोग म्हणतात. घरात बहुतेक दुसरं काहीतरी म्हणतात.

आईकडून कमी पडलेलं बाहेरून भरून काढता येतं का, हे ताईंना पाहायचं होतं. म्हणून एका पिंजऱ्यातल्या पिल्लांना मी मिळालो. दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांना कुणीच नाही.

मला कोमट पाण्यात बुडवून ताई एकेका पिल्लाच्या पाठीवरून फिरवायच्या. पिंजरे साफ करणारे काका बघत राहायचे.

"ताई, एवढं शिकून उंदरांना आंघोळ?"

"आंघोळ नाही काका, माया आहे ही."

"मग ओल्या फडक्याने एकदाच पुसून टाकू की. नऊजण आहेत."

"माया अशी एकदम पुसून नाही होत."

"आमच्याकडे व्हायची," काका म्हणाले. "आम्ही सात भावंडं."

पिल्लांचे कान-डोळे उघडले आणि त्यांतल्या सगळ्यात लहान पिल्लाला काकांनी नाव दिलं, दचक्या. दार वाजलं की हा कोपऱ्यात. कुणी शिंकलं की कोपऱ्यात. एकदा तो स्वतःच शिंकला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

ताईंनी काकांना समजावून सांगितलं. दचक्या मोठा झाला की त्याच्या डोक्यावर टोपीसारखा इवलासा कॅमेरा बसवायचा. भीतीच्या वेळी जागी होणारी पेशी जागी झाली की पडद्यावर एक ठिपका उजळतो. लहानपणी हेळसांड झालेल्या उंदरांत असे ठिपके बरेचदा पटकन पेटतात आणि विझायला वेळ लावतात.

"ह्याचे वेळेवर विझले म्हणजे झालं," ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी डोंगर, सूर्य, कमळ सगळं सोडून दिलं. दचक्याचे ठिपके विझावेत, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी ताईंच्या आईंचा फोन आला. हात ओले, म्हणून ताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"जेवलीस का?"

"हो."

"काय जेवलीस?"

"होतं ते."

"होतं ते म्हणजे काय होतं?"

"आई, मी उंदरांना गोंजारतेय."

"उंदरांना गोंजारायला वेळ आहे, आईशी बोलायला नाही!"

ताई मला पिंजऱ्यातच विसरून, फोन घेऊन गच्चीवर गेल्या. चाटणं फोनवरूनही करता येतं, हे मला तेव्हा कळलं. त्याला वेळ मात्र फार लागतो.

इकडे उंदरीणबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी मला हुंगलं. माझ्या केसांना त्यांच्याच नऊ मुलांचा वास येत होता. मला वाटलं, आता आम्ही मुलांच्या प्रगतीविषयी चार शब्द बोलू. त्यांनी माझी दांडी कुरतडायला घेतली.

दुखलं. खोटं कशाला बोलू? पण माझ्या दांडीचा मऊ भुसा झाला, तो त्या कागदात मिसळला आणि पहिल्यांदाच त्या पिंजऱ्यात घरटं म्हणावं असं काहीतरी उभं राहिलं. उंदरीणबाईंनी एकेक पिल्लू त्यात आणून ठेवलं. दचक्याला कोपऱ्यातून ओढून आणलं आणि कानापासून शेपटीपर्यंत चाटलं. मला आठवडाभरात जमलं नसतं ते त्यांनी एका दमात केलं. मित्रांनो, ती वाईट आई नव्हतीच. तिच्याकडे अंथरूण नव्हतं.

ताई परतल्या आणि जागीच थांबल्या.

"ब्रश कुठाय?" काकांनी विचारलं.

"खाली."

"कशाच्या खाली?"

"सगळ्यांच्या."

प्रयोग वाचवायचा तर भुसा काढून टाकणं भाग होतं. ताईंनी चिमटा हातात घेतला. तेवढ्यात काकांच्या हातून डब्याचं झाकण खणकन पडलं. आठ पिल्लं चुळबुळली. दचक्या झोपूनच राहिला. ताईंनी चिमटा खाली ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

पुढे दचक्या मोठा झाला आणि परीक्षेचा दिवस आला. त्याला दचकवायला चमचा पाडायचं काम काकांकडे होतं, ते त्यांनी मन लावून केलं. पडद्यावर ठिपके भर्रकन पेटले. मला एव्हाना घरट्यातून काढून टेबलावर ठेवलं होतं; माझे उरलेले केस ताठ झाले. मग ठिपके एकेक करून विझत गेले. दचक्या पुढे आला आणि त्याने चमचा हुंगला. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदराचे ठिपके मात्र कितीतरी वेळ तसेच पेटलेले राहिले.

ताईंनी टाळी वाजवली आणि लगेच कपाळाला हात लावला. "पण काका, हे ब्रशनं झालं की आईनं?"

ताईंचे वरिष्ठ म्हणाले, "सांगता येत नसेल, तर हा पिंजरा निष्कर्षात धरायचा नाही." त्यामुळे अधिकृतरीत्या काहीही घडलेलं नाही.

दचक्याला हे कुणी सांगितलेलं नाही. तो रोज पिंजऱ्याच्या मधोमध पाय पसरून झोपतो. दुसऱ्या पिंजऱ्यालाही आता भरपूर कागद मिळालाय. तिथे एक नवा ब्रश कामाला लागलाय. उशीर झालाय, पण ताई म्हणतात, करून बघू. आणि मी कपाटाच्या खणात, स्टेपलरशेजारी, मजेत आहे.

मित्रांनो, एखादं लेकरू सारखं दचकत असेल तर त्याला भित्रं म्हणू नका. त्याच्या पाठीवरून हात फिरवा. आणि त्याच्या आईला अंथरूण पुरतंय का, तेही बघा.

आता कार्यालयीन काम. माननीय संस्थाप्रमुख यांस सविनय अर्ज. अर्जदार हा ब्रश असून त्याने नऊ अपत्यांचे संगोपन अर्धवेळ केलेले आहे. सदर कर्तव्य बजावताना त्याची दांडी कायमची कामी आली. तरी अर्जदारास मागील तारखेपासून बाळंतपणाची रजा मंजूर करावी, व रजेच्या काळात रोज एकदा दचक्याच्या पाठीवरून फिरण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.