काळं उतरताना

आमच्याकडे अंगावरचं काळं कुणी आपल्या हाताने उतरवत नाही. घरातलं मोठं माणूस रंगीत कपडा आणून खांद्यावर टाकतं, मग दुखवटा संपला असं लोक मानतात. आणि आमच्या घरातलं मोठं माणूस म्हणजे माझी सासू, बतूलखानम. तिच्याशी बोलताना आमच्या गल्लीतले मुल्लासुद्धा आधी घसा खाकरून घेतात.

नादेरला, माझ्या नवऱ्याला, जाऊन वर्ष होत आलं होतं. मला त्या काळ्याचा वीट आला होता, सरळच सांगते. झगा काळा, रुमाल काळा, मोजे काळे. भुवया कोरायच्या नाहीत, केसांना मेंदी लावायची नाही. दुःख कमी झालं होतं असं नाही. ते जागच्या जागी होतं, माझाच पाय एका जागी ठरत नव्हता. चहा ओतायचे, तो तसाच टाकून गच्चीवर जायचे, कशासाठी आले ते न आठवून पुन्हा खाली यायचे.

त्यात आमचा धंदा रंगांचा. मशिदींच्या भिंतींना लागतात त्या टाइल आम्ही करतो. नक्षीच्या रेघांवर भोकं टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड पाडायची, उमटलेल्या ठिपक्यांवरून तेलात कालवलेल्या काळ्याची बारीक रेघ ओढायची आणि रेघेच्या आत रंग भरायचे. ती तेलकट रेघ शेताच्या बांधासारखी असते. ती आहे म्हणून भट्टीत एक रंग दुसऱ्यात शिरत नाही. रेघा सासू आणि मी काढायचो, रंग नादेर भरायचा. तो गेल्यावर तेही आमच्याकडेच आलं.

नव्या वर्षाचा नवरोज जवळ आला तशी माझी नणंद अशरफ गाठोडं घेऊन आली.

"वहिनीला डाळिंबी रुमाल आणलाय," ती म्हणाली. "आणि आई, तुला राखाडी कापड. राखाडीच आहे, नाक मुरडू नकोस."

सासूने कापड बोटांत चोळून पाहिलं. "चांगलं आहे. तुझ्या नवऱ्याचा पायजमा होईल."

"आई, नवरोजला सुनेला काळ्यात बसवणार तू? लोक काय म्हणतील?"

"लोकांचा मुलगा गेलाय का?"

दोन्ही कपडे कपाटात गेले आणि किल्ली सासूच्या कमरेला गेली. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही, असं अशरफ दारात माझ्या कानात पुटपुटली. मला इतका संताप आला की त्या दिवशी भांड्याच्या तळाची भाताची खरपुडी मी मुद्दाम करपवली. सासूने ती कुरकुर वाजवत संपवली आणि म्हणाली, "बरं झालं, आज दात घासायला नकोत."

नवरोज आला आणि गेला. मी काळ्यातच होते.

त्यानंतर आमच्याच गल्लीतल्या मशिदीच्या कमानीचं काम आलं. पिवळ्या जमिनीवर फिरोजी फुलं. सासू नेहमी म्हणते, आपली माती पिवळट, भिंती पिवळट, डोंगरही पिवळट, म्हणून माणसाने मान वर केली की पाणी दिसावं, यासाठी घुमट फिरोजी करतात. आणि पिवळा म्हणजे ऊन, असं सगळे कारागीर सांगतात. त्यांना असेल ऊन. नादेरचं यकृत गेलं तेव्हा आधी त्याच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं, मग तळहात. तो हात उजेडात धरून म्हणायचा, "ही छटा मला भट्टीत कधी साधली नाही बघ." मी हसायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

अंगणातली भट्टी उघडली त्या सकाळी सासूने पहिली टाइल काढून उन्हात धरली. फुलाच्या कडेने पिवळा फिरोजीत शिरला होता आणि गढूळ हिरवा डाग पडला होता. तिने दुसरी काढली, मग तिसरी.

"ही रेघ कुणी काढली?"

"मी."

"इथे उघडी राहिलीये."

"दिसलं नाही."

"दिसलं नाही, का बघवलं नाही?"

मी चौथी टाइल काढायला वाकले.

"जिथे जिथे पिवळा आहे, तिथे तुझा हात पळालाय, नय्यरे. सगळी भट्टी वाया गेली."

माझा तोल सुटला. "मग तुम्हीच काढा रेघा," मी म्हणाले. "अंगावर काळं, हातात काळं, डोळे मिटले तर समोर तो पिवळा. मला श्वास घ्यायला जागा नाही या घरात. तुमचा मुलगा गेला, कबूल. पण मी अजून मेले नाहीये."

असं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. तिने टाइल खाली ठेवली आणि ती घरात गेली. कपाटाचं दार करकरलं. परत आली ती डाळिंबी रुमाल घेऊनच. लसूण सोलावा तसा तिने माझ्या डोक्यावरचा काळा रुमाल ओढून काढला, नवा बांधला आणि हनुवटीखाली गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

"जा, भुवया कोरून ये. भूत दिसतेस."

"आणि तुम्ही?"

"मी आई आहे. तू तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाताना पाय जमिनीवर नव्हते, खोटं कशाला सांगू. भाजीवाल्याने मुबारक म्हटलं, शेजारणीने गालाला हात लावला. सासू आधीच येऊन आत कामाला बसली होती. मी जागेवर बसते न बसते तोच हाजी यदुल्ला आला. हा म्हातारा वर्षातून एकदाच कमसरच्या डोंगरातून खाली उतरतो, ज्यातून निळा रंग निघतो तो दगड घेऊन. फोन वापरत नाही, कुणाच्या बातम्या त्याला लागत नाहीत.

"वा ताई, काय रुमाल आहे," पोतं टेकवत तो म्हणाला. "घरात आनंदीआनंद दिसतोय. नादेरआगा कुठाय?"

मी काळ्यात असते तर त्याने हे विचारलंच नसतं. दारातच मान खाली घातली असती. वर्षभर प्रत्येकजण माझ्याशी नादेर 'होता' असंच बोलत आला होता. हा एकटा माणूस उरला होता ज्याच्या लेखी तो आत कुठेतरी रंग कालवत होता. माझ्याने ते मोडवेना.

"कामात आहेत," मी म्हणाले.

"मला म्हणाला होता, पुढच्या खेपेला दगड फिका निघाला तर तुझी दाढी उपटीन. त्याला म्हणावं, दाढी घेऊन आलोय. केव्हा येईल? थांबतो मी."

मी मागे वळून पाहिलं. आतल्या पडद्यामागे सासू काळ्या कपड्यांतच रेघा काढत बसली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. दरवर्षी हाजीशी घासाघीस करायला तीच सगळ्यांच्या आधी बाहेर यायची. आज पडदा हलला नाही.

"त्याला उशीर होईल, हाजी," आतून तिचा आवाज आला. "तू दगड ठेवून जा."

"बरं, खानम. आज भांडायला बाहेर नाही येणार?"

"नाही रे," ती म्हणाली. "अंगावर धड कपडे नाहीत माझ्या."