सरकारचं सरकारला

पत्रांचा शेवटचा गठ्ठा उचलून हर्मिनियाने खोक्याच्या तळाशी हात घातला आणि बोटांना मेणकापड लागलं. दोरीची गाठ घट्ट होती. कात्री न लावता तिने ती नखांनी सोडवली. आत तीन जाड वह्या निघाल्या, पाणी पिऊन फुगलेल्या. पहिलं पान उघडून तिने वाचलं आणि वही मिटून खुर्चीवर बसली. वर नगरपालिकेचा शिक्का होता, खाली ‘जन्मनोंद’ आणि बेटाचं नाव.

इलोइलो शहरातल्या विद्यापीठात लोकांनी दिलेली घरगुती कागदपत्रं लावण्याचं काम हर्मिनियाकडे होतं. खोक्यांतून तिला केसांच्या बटा मिळाल्या होत्या, दुधाचे दात मिळाले होते, एकदा तर भरलेलं पिस्तूल. पण अख्ख्या बेटाचे जन्म कुणाच्या खोक्यात सापडतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. खोकी दिली होती सोलेदाद गायेगो या निवृत्त शिक्षिकेने. कागद तिच्या वडिलांचे, आबेलार्दो गायेगोंचे. ते त्या बेटावर जन्ममृत्यूचे निबंधक होते. आणि मोठ्या वादळात तिथलं सगळं दप्तर समुद्राने नेलं, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

ग्रंथालयाचे प्रमुख फादर एलिसेओ वह्या बघून हरखले.

“असं रत्न आपल्याकडे दुसरं नाही, हर्मिनिया. सरकारने तर बुडालं म्हणून हात झटकलेत. राहू दे की इथे.”

“सरकारने हात झटकले म्हणून ते आपलं होत नाही, फादर.”

“तिथे उंदीर खातील.”

“खाल्लं तर लोक तिथे जाऊन भांडतील. इथे आहे हे कळलंच नाही, तर भांडायचं कुणाशी?”

फादरांनी चष्मा पुसला. “तू ऐकणार नाहीस.”

“नाही, फादर.”

सोलेदादला समजावणं याहून कठीण गेलं. ती छत्री मांडीवर आडवी धरून बसली आणि वह्यांकडे तिने एकदाच पाहिलं.

“मी दिलं ते दिलं. ठेवा नाहीतर जाळा.”

“मॅडम, पत्रं तुमची होती, ती तुम्ही दिलीत. या वह्या बेटाच्या आहेत. त्या परत जायला हव्यात, आणि कुठे सापडल्या तेही लिहावं लागेल.”

“म्हणजे पापांना, माझ्या वडिलांना, चोर ठरवणार तुम्ही.”

“मी फक्त सापडल्या ती जागा लिहिणार.”

“मग माझी सगळी खोकी परत द्या.”

“न्या. पण या तीन वह्या नाही नेता येणार.”

सोलेदाद उठली आणि दार उघडं टाकून निघून गेली. वह्या घेऊन आपण कोणत्या बोटीने बेटावर जाणार, ते हर्मिनियाने तिला चिठ्ठी लिहून कळवलं. उत्तर आलं नाही.

बोटीत हर्मिनियाने वह्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तान्ह्या पोरासारख्या पोटाशी धरल्या. शेजारच्या कोंबडेवाल्याने विचारलं, “काय आहे हो त्यात?”

“तुझा आजा असेल,” ती म्हणाली. तो खो खो हसला.

नगरपालिकेतला निबंधक रॉडेल नावाचा तरुण होता. वह्या पाहून त्याने आधी दाराकडे पाहिलं.

“मॅडम, आमच्या कागदोपत्री हे नष्ट झालंय. जे नाहीच ते मी ताब्यात कसं घेऊ?”

“हात लावून बघ. आहे.”

“बरं, ठेवून जा. बघतो मी काय करायचं ते.”

“पोचपावतीशिवाय नाही. एक प्रत तुला, एक मला, एक मनिलाच्या मुख्य कचेरीला.”

मनिलाचं नाव निघताच त्याने घाम पुसला. “पावतीत लिहावं लागतं, हे कचेरीबाहेर गेलं कसं. तुम्हाला माहितेय?”

हर्मिनियाला माहीत नव्हतं. कुठे सापडलं एवढंच ती सांगू शकत होती.

“मग नाही जमायचं,” रॉडेलचा जीव भांड्यात पडला.

“मी बसते.”

ती बाकावर बसली. शेजारी एक म्हातारी केळीच्या पानातला भात सोडत होती. तिने अर्धा भात पुढे केला. तिला सगळे आदराने मानांग कोन्सिंग म्हणत. इटलीत तिची मुलगी बाळंत व्हायची होती. पासपोर्टला जन्मदाखला हवा, आणि दाखल्याला जन्म पाहिलेले दोन साक्षीदार.

“माझा जन्म पाहिलेलं कोण उरलंय आता?” मानांग कोन्सिंग रॉडेलला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. “देवाला धरून आणू का सहीला?”

“मानांग, नियम मी केलेत का?” रॉडेल कळवळला.

दुपारची बोट लागली. थोड्या वेळाने दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला. सोलेदाद आत आली. हर्मिनियाकडे न बघता ती सरळ टेबलाशी गेली.

“ह्या कशा बाहेर गेल्या ते मला माहीत आहे. लिहून घे.”

रॉडेलने कागद ओढला.

“वादळाच्या दिवशी पापा या डोक्यावर धरून गळ्याएवढ्या पाण्यातून घरी आले. आईने आणि मी पानापानावर इस्त्री फिरवली. मी परकरी पोर होते. पाणी ओसरल्यावर पापा वह्या घेऊन महापौरांकडे गेले. महापौर म्हणाले, बुडालेलं वर काढू नये, आबेलार्दो. नवी नोंद सुरू झाली होती. साक्षीदार त्यांचे. जो त्यांच्या बाजूचा, तोच जन्मला असं धरायचं. पापा घरी येऊन म्हणाले, महापौर बदलला की देऊ.” तिने छत्री टेबलाला टेकवली. “बदलला. मुलगा आला. मग नातू.”

“आता सून आहे,” रॉडेल हळूच म्हणाला.

मानांग कोन्सिंग भात चावायची थांबली होती.

“पापांचं चुकलं,” सोलेदाद म्हणाली. “मरेपर्यंत वाट बघत बसायला नको होती. त्यांच्यामागे मीही बसले. तेही लिही. कुठे सही करू?”

“मॅडम, उद्या वरून विचारणा झाली तर...”

“तर माझा पत्ता दे.”

रॉडेल बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिला. मग त्याने कोरे कागद घेतले आणि तिन्ही प्रती स्वतःच्या हाताने लिहिल्या. शिक्का मारताना त्याने जरा जोरच लावला. हर्मिनियाने आपली प्रत वाचली, एक तारीख दुरुस्त करून घेतली, मग घडी करून पर्समध्ये टाकली.

“आता पहिलं काम,” ती म्हणाली, “या आजींची नोंद शोध.”

मानांग कोन्सिंगने आईबापांची नावं सांगितली. रॉडेलने दुसऱ्या वहीची पानं सावकाश उलटली. एका ठिकाणी तो थांबला आणि वही तिच्याकडे वळवली.

“हे तुमचं. आणि हे, जन्माची खबर द्यायला आले होते त्यांचं. सही येत नव्हती, म्हणून अंगठा.”

“ताताय?”

“हो. तुमचे वडीलच.”

म्हातारी वाकली. त्याच वादळात तिचा बाप होडीसकट गेला होता. घरात त्याचा फोटो कधी नव्हताच. शाई फिकी पडली होती, पण रेषा न् रेषा शाबूत होती. तिने भाताचा हात परकराला पुसला, पुन्हा पुसला, आणि आपला अंगठा अलगद त्या अंगठ्यावर टेकवला.

‘हात नका लावू’ हे शब्द हर्मिनियाच्या अगदी ओठांवर आले. ती सोलेदादकडे वळली आणि परतीची बोट किती वाजता आहे, ते विचारू लागली.