मृदंग्याची एकादशी

या, असे पुढे सरका. सतरंजीवर अजून जागा आहे आणि बुवांना यायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, आपल्याच गल्लीतली. एका बोक्याची आणि त्याच्या बाईची. बोक्याची म्हणून हसाल तर हसा. मी मात्र हात जोडूनच सांगणार आहे.

"आजी, याला गोड काय देता?" जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर निकमांनी विचारलं.

टेबलावर बोका आणि बोक्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या कुसाबाई. त्या मूळच्या सायखेड्याच्या. नवरा गेल्यावर पंचवटीत आल्या आणि आपल्या विठोबाच्या देवळाबाहेर हार करत बसल्या. मूलबाळ नाही. गळ्यात तुळशीची माळ. बोका देवळातलाच. कीर्तनात मृदंगाशेजारी अंग टाकायचा, पोटही तसंच गोल, म्हणून त्याचं नाव मृदंग्या.

"गोड म्हंजे परसादच," कुसाबाई म्हणाल्या. "पेढा, शिरा, बुंदी. लोकं प्रेमानं घालत्यात. देवाघरचं हाय, नाय कसं म्हनायचं?"

"त्याला मधुमेह झालाय, आजी."

"मांजराला?"

त्या हसायच्याच बेतात होत्या, पण डॉक्टर हसत नव्हते. बरेच दिवस बोका वाडगेच्या वाडगे पाणी संपवत होता, जिथे बसेल तिथे ओलं करत होता. गोल पोट गेलं, पाठीचे मणके हाताला लागू लागले. म्हातारा झाला, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

डॉक्टरांनी नीट समजावलं. दूध, पोळी, भात, प्रसाद सगळं बंद. सकाळ-संध्याकाळ उकडलेला मासा, कधी अंडं, मीठ-मसाला नको. आणि दोन्ही वेळा इन्सुलिनची सुई. औषध माणसांचंच, पण अगदी थेंबभर.

"आधी खाऊ द्यायचं, मग टोचायचं. खाल्लं नाही तर टोचायचं नाही, मला फोन करायचा."

"आन् टोचलंच नाय तर?"

"मग तो फार दिवस काढणार नाही."

रिक्षा करून द्यायला मी सोबत गेलो होतो. दवाखान्याच्या पायरीवर बोक्याला पदरात गुंडाळत त्या मला म्हणाल्या, "टोचीन मी, त्याचं काय नाय. पन मासा? ह्या हातानं?"

हा प्रश्न सोडवला खंडेरावांनी. खंडेराव म्हणजे देवळासमोरच राहणारे, कुसाबाईंचे भिंतीपलीकडचे शेजारी, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. धरणाचा मासा आला की ते स्वतः रांधायचे, आणि वास आला की कुसाबाई उदबत्तीचा अख्खा जुडगा पेटवून त्यांच्या खिडकीशी लावायच्या. मग खंडेराव मुद्दाम मोठ्यानं खोकायचे. वर्षानुवर्षं त्यांचं एवढंच संभाषण होतं. त्या संध्याकाळी कुसाबाई त्यांच्या दारात इन्सुलिनची बाटली घेऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमच्या फ्रिजात येवढी बाटली राहील का? माझ्याकडं नुसता माठ हाय."

"राहील की. पन शेजारी पापलेट हाय. चालंल का तिला?"

"तिला चालंल. मला इचारू नका."

खंडेराव खो-खो हसले. "ताई, मासा मीच उकडतो, मीच चारतो. तुम्ही सुईचं बघा. तुमचीबी माळ राहील, माझाबी शेजार राहील."

तसंच सुरू झालं. खंडेरावांच्या ओट्यावर बोका ताटली चाटूनपुसून संपवायचा. मग कुसाबाई बाटली दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवायच्या, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायच्या. जन्मभर सुईनं फुलं ओवलेली बाई, पण पहिल्या दिवशी सुई इतक्यांदा मागे घेतली की खंडेरावांनीच डोळे मिटले. आठवड्याभरात मात्र बोक्याला कळायच्या आत काम व्हायचं. "झालं रे राजा," एवढंच म्हणायच्या.

देवळात त्या पहारेकऱ्यासारख्या बसू लागल्या. कोणी पेढा काढला की हात पुढे. "त्याला नको, मला द्या." भजनी मंडळातल्या नवसाबाई एकदा म्हणाल्याच, "चांगलं हाय! मांजराच्या नावानं बाई पेढं खाती!"

"खाती तर. तू दे, मंग तुझाबी खाईन."

बोक्याचं पाणी पिणं कमी झालं. अंगावर मांस दिसू लागलं. एका गुरुवारी तो आपणहून मृदंगाशेजारी येऊन पसरला, तेव्हा वाजवणाऱ्यानं एक थाप उगाचच जास्त मारली.

आणि मग आली एकादशी.

आता एक सांगायला हवं. मृदंग्याची एकादशी साऱ्या पंचवटीला ठाऊक होती. कुसाबाई निर्जळी करायच्या, त्यामुळे घरात त्या दिवशी बोक्यालाही काही नसे. तोही निमूट पडून राहायचा. एकदा त्र्यंबकच्या बुवांनी भर कीर्तनात त्याच्याकडे बोट दाखवलं होतं, "बघा, टाळकरी फराळावर तुटून पडतात आणि हा पठ्ठ्या निराहार!" सगळे हसले होते. कुसाबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. बाईच्या साऱ्या आयुष्यात एवढीच एक मिरवण्यासारखी गोष्ट.

त्या सकाळी त्यांनी खंडेरावांना सांगितलं, "भाऊ, आज त्याला काय देऊ नका. एकादशी हाय त्याची."

"अवो ताई, पन डाक्टर म्हनले व्हते..."

"ठाऊक हाय. सुई टोचली मी. औशद उपासाला चालतंय."

आपल्यातही असंच नाही का? उपास असला तरी रक्तदाबाची गोळी आपण घेतोच. खंडेराव त्यांच्या माळेकडे बघत राहिले आणि उकडलेल्या माशावर झाकण ठेवून आत गेले.

दुपार व्हायच्या आधीच बोका देवळाच्या पायरीवरून उतरताना झिंगल्यासारखा डोलला. मागचे पाय मुडपले. झेंडूच्या ढिगात पडला आणि त्याचा जबडा थडथड उडू लागला.

"भाऊ! अवो खंडेरावभाऊ!"

खंडेराव डॉक्टरांना फोन करायला कोपऱ्यावरच्या पीसीओकडे धावले आणि धापा टाकत परत आले. "मध! हिरड्यांना चोळा. तोंडात वतू नका, ठसका लागंल. साखर पार उतरली त्याची. उठला की लगेच खायला घाला!"

पुजाऱ्यांनी अभिषेकाच्या मधाची बाटली उंबऱ्यातूनच पुढे केली. कुसाबाई बोटानं मध चोळत होत्या आणि पुटपुटत होत्या, "घे रे. चाट रे. माझ्यासाठी चाट." किती वेळ गेला कोण जाणे. मग गुलाबी जिभेचं टोक बाहेर आलं आणि बोटाला लागलं.

खंडेरावांनी माशाचं पातेलं आणलं. पण बिथरलेला बोका त्यांच्या हाताला तोंड लावेना. नुसता कुसाबाईंकडे बघत होता.

"ताई, माझ्या हातचं घेईना."

कुसाबाईंनी माळ काढली नाही, पदराआड लपवलीही नाही. झेंडूनं पिवळे झालेले हात पुसले, पातेलं पुढे ओढलं, आणि ज्या बोटांनी तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या त्याच बोटांनी माशाचा काटा शोधू लागल्या.

"अगं बया!" नवसाबाई पूजेची थाळी घेऊन येत होत्या, त्या जागीच थांबल्या. "एकादशी, देवाचं दार, आन् माळकरीन मासा कुस्करती!"

"काटा बघती, नवसाबाई," मान वर न करता कुसाबाई म्हणाल्या. "बोलू नको, येखादा राहून जाईल."

 नवसाबाईंनी थाळी खाली ठेवली आणि कुसाबाईंच्या अंगावर ऊन येत होतं तिथे, ते अडवून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी कुसाबाई गंगेवर, आपल्या गोदेच्या घाटावर, डोक्यावरून आंघोळ करून आल्या. पण आत येईनात. हाराची परडी घेऊन दाराबाहेरच उभ्या. कीर्तनाला बुवा आले, तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. "उपासाच्या भरात मीच त्याला मारायला निघाले व्हते, बुवा. आन् मंग मासा शिवले. आता माझा हार देवाला चालंल का?"

बुवांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग विचारलं, "बोका कुठं आहे?"

"खंडेरावभाऊंच्या मांडीवर."

"जेवला?"

"जेवला."

"मग द्या हार. देव केव्हाचा उघड्या गळ्यानं उभा आहे."

त्यानंतर डॉक्टरांनी सुईची मात्रा कमी केली आणि मृदंग्या आणखी काही वर्षं छान जगला. पुढच्या एकादशीला मी सकाळीच देवळाकडे आलो होतो. कुसाबाई खंडेरावांच्या ओट्यावर बसल्या होत्या, पोटात पाण्याचा थेंब नाही, ओठ सुकलेले. मासा त्यांच्याच हातात होता. बोका सावकाश खात होता आणि त्या त्याच्याहून सावकाश घास करत होत्या. त्याचं पोट भरल्यावरच त्यांनी सुईकडे हात नेला.

आज त्या नाहीत. उद्या द्वादशीला पारण्याचा पहिला घास उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि आमच्या कुसाबाईंची आठवण काढा. माझं एवढंच मागणं आहे.