वारा सरला का?

वॉर्डातल्या सिस्टरला मोठ्या माणसांचं काडीचं कौतुक नव्हतं. पोट उघडून शिवलं की कुणाचीही आतडी दोन-चार दिवस गप्प पडतात, हुद्दा बघत नाहीत, हे तिने वीस वर्षं पाहिलं होतं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आतड्याचा पीळ सोडवून दोन दिवस झाले होते. सिस्टरने सकाळी विचारलं, "काका, वारा सरला का?"

"मला सर म्हणतात," ते गुरगुरले. "आणि हे काय विचारणं झालं? तीस वर्षं पचनसंस्था शिकवलीय मी. स्नायू मागे आवळतात, पुढे सैल पडतात, अन्न पुढे सरकतं. आकुंचन-प्रसरण!"

"छान. तुमच्या पोटात सुरू झालंय का ते?"

"झालंय," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

सिस्टरने पोटावर स्टेथोस्कोप टेकवला. आत चिडीचूप. थापा मारायलाही अक्कल लागते, असं मनात म्हणत तिने बजावलं, "पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

ती वळते न वळते तोच सरांनी खाटेशी बसलेल्या बायकोला फर्मावलं, "दूध आण. बिस्किटं पण." त्या बाईंनी जन्मात त्यांना 'नाही' म्हटलं नव्हतं. आणलं.

दुपारी पोट टम्म फुगलं आणि सगळं उलटून पडलं. नाकातून नळी घालावी लागली. बाई रडायला लागल्या, तर सर नळीसकट खेकसले, "तुलाच अक्कल नाही!"

"अक्कल कुणाची काढताय?" सिस्टर कडाडली. "दोन शब्द खरे बोलायची लाज वाटली तुम्हाला. शिकवलंत म्हणे! आतडी बंद असताना वरून ढकललेलं जाणार कुठे?"

बाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडे जरा वेळ नुसतं पाहिलं.

नळी निघाल्यावर, चौथ्या दिवशी, बाई त्यांना धरून व्हरांड्यात चालवत होत्या. अचानक आवाज झाला. चांगला लांबलचक.

"सिस्टर! सरला हो, सरला!" बाई ओरडल्या.

"अगं, हळू!"

"का म्हणून हळू?" असं म्हणून त्यांनी समोरून येणाऱ्या झाडूवाल्यालाही सांगितलं.

सिस्टरने पोट तपासलं. मस्त गुडगुडत होतं. "आता घोटभर पाणी चालेल. पण द्यायचं यांनी, यांना वाटेल तेव्हा," ती बाईंकडे बोट करत म्हणाली.

सरांनी हात पुढे केला. बाईंनी पेला मागे घेतला. "आधी नीट बसा."