ज्याच्या घरचं वाक्य, त्यानं उभं राहायचं

जॉनच्या नाचणीत रानडुकरं शिरली, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

समोर कोमल बसून मोठ्याने वाचत होती. ही माझ्या भावाची नात. सुट्टीत वडगावला माझ्याकडे राहते आणि इथून लोणावळ्याला इंग्रजीच्या क्लासला जाते. त्या क्लासचंच हे पुस्तक होतं. पाहुणे घरी गेले आणि जॉन रानडुकरं हाकायला शेतातल्या माळ्यावर राहिला, असं एक इंग्रजी वाक्य वाचून तिने मला विचारलं, "आजी, इथे रिमेन का? स्टे का नाही?"

मी म्हटलं, ते सांगते, पण आधी पुढचं वाच. पुढे मिस्टर ब्राऊनचं गवताचं छप्पर तीन पावसाळे टिकलं. मेरीचा मामा बैलपोळ्याला आला आणि आठ दिवस राहिला. पीटरच्या आजीचा खोकला अडुळशाचा काढा पिऊनही हटेना. कोमलला हसू आवरेना. मला मात्र या साहेबलोकांची घरं ठाऊक होती. जॉन म्हणजे तिकोणा पेठेचा बहिरू. ब्राऊनचं छप्पर ठाकरवाडीतल्या चिमाबाईचं. तिच्या लेकीने, निर्मलाने, ते वाक्य आणलं होतं. चोराने नावं तेवढी बदलली आणि नाचणी, पोळा, अडुळसा तसाच ठेवला. चोरी करायलाही थोडी अक्कल लागते.

मी एकतीस वर्षं पवनेच्या काठच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलं सगळ्यालाच 'राहणं' म्हणायची आणि समोर येईल तो इंग्रजी शब्द ठोकून द्यायची. गाइडमधली वाक्यं त्यांच्या डोक्यावरून जायची. म्हणून मी एक रीत पाडली. प्रत्येक शब्दाला प्रत्येकाने घरून एक वाक्य आणायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. पाहुणा येऊन राहतो तो स्टे. सगळे गेल्यावर मागे उरतो तो रिमेन. छप्पर टिकतं ते लास्ट. जाता जात नाही तो खोकला पर्सिस्ट. आणि दुसरा इलाज नसतो म्हणून सोसत राहणं, ते एन्ड्युअर. शनिवारी मी वाक्यं वाचायची आणि ज्याच्या घरचं वाक्य असेल त्याने उभं राहायचं. थाप मारली तर वर्गच हसायचा, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचं घर माहीत. चांगलं वाक्य ज्याचं त्याने एका लांब वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवायचं, आणि त्यापुढे मी लाल शाईने बरोबरची खूण करायची.

आमचे मुख्याध्यापक त्या वहीला बाईंची भेळ म्हणायचे. मला कुठला पुरस्कार मिळाला नाही, मुलंबाळं नाहीत, निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं तेही दोन वर्षांत बंद पडलं. या जन्मात मी स्वतःची म्हणून एकच गोष्ट केली, ती ही वही.

तीन वर्षांपूर्वी प्रज्ञेश आला होता. माझा जुना विद्यार्थी. लोणावळ्यात क्लास काढलाय, वही जरा झेरॉक्स करून परत देतो म्हणाला. चौथ्या दिवशी परत दिली, वर चिक्कीचा पुडा. विद्यार्थ्याने आठवण ठेवली म्हणून मी ती चिक्की गल्लीभर वाटली होती. आता त्याच्या पुस्तकाची प्रस्तावना वाचली. 'माझ्या दहा वर्षांच्या अनुभवातून साकारलेली पद्धत.' आभारात क्लासचा शिपाईसुद्धा होता. मी नव्हते. अर्पणपत्रिका वडिलांना, कै. अंबाजी यांना, 'ज्यांनी मला जिद्द दिली.'

माणूस म्हातारपणी निवळतो म्हणतात. मी निवळले नाही. त्या दिवसापासून मला भाकरी गोड लागेना. कोमल म्हणाली, वडगावचं कोर्ट इथे दहा मिनिटांवर आहे, वकिलाकडून नोटीस पाठव. पण मला नोटीस नको होती. मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता, आणि तोही चारचौघांत.

संधी त्यानेच आणून दिली. महिन्याभरात फोन आला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय, लोणावळ्यात कार्यक्रम आहे, रविवारी सकाळी अकराला, आणि बाई, तुम्हीच प्रमुख पाहुण्या. आईच्या हातून तुम्हाला शाल द्यायचीय. चोर तो चोर, वर शिरजोर. शाल पांघरली की बाई गप्प बसतील, असा त्याचा अंदाज असावा. मी मधाळ आवाजात येते म्हटलं.

मग मी तयारीला लागले. बहिरू आता देहूरोडच्या डेपोत आहे. त्याला फोन केला. चिमाबाईला निर्मलाकरवी निरोप धाडला. दोघांना एवढंच सांगितलं, की शनिवारच्या तासासारखं करायचंय. वही काढून त्याच्या पुस्तकाशी पानोपान ताडून पाहिली, तेव्हा एक गंमत कळली. वहीत 'राहणं'साठी शब्द पाच होते आणि पुस्तकात चारच. एन्ड्युअर त्याने सबंध वगळला होता.

मी ते पान उघडलं. खालून तिसरं वाक्य त्याच्याच अक्षरातलं, आठवीतलं. 'माय मदर एन्ड्युअर्स माय फादर.' मला हसू फुटलं, खोटं कशाला सांगू. बापाला जिद्दीचा पुतळा करून पुस्तक वाहिलंस ना, थांब. हे वाक्य मी सगळ्यात शेवटी वाचणार होते.

त्याची आई सावित्राबाई मला अंधुक आठवत होती. त्या वर्षी निकालपत्रावर अंगठा द्यायला आली होती, डावा हात गळ्यात बांधलेला. म्हशीने ढकललं म्हणाली. मी जपा म्हटलं आणि पुढच्या पालकाला हाक मारली.

रविवारी हॉल भरला होता. व्यासपीठावर अंबाजीचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार. पहिल्या रांगेत सावित्राबाई नवं हिरवं लुगडं नेसून बसली होती. पाठीमागे बहिरू आणि चिमाबाई. प्रज्ञेश माझ्या पाया पडला, माझ्या शिस्तीबद्दल बोलला, छडीबद्दल बोलला. वहीबद्दल अवाक्षर नाही.

मी माइक हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून वही काढली. ती बघताच त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. मी सांगितलं, आज भाषण नाही, तास आहे. आधी पुस्तकातलं वाक्य वाचीन, मग वहीतलं. ज्याच्या घरचं असेल त्याने उभं राहायचं.

जॉनचं वाक्य वाचलं, मग बहिरूचं. बहिरू उठला आणि म्हणाला, "बाई, त्यो मीच. डुकरं हाकून हाकून घसा बसलाता माजा." लोक हसले. मग ब्राऊनचं छप्पर वाचलं. चिमाबाई हळूहळू उठली. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यो बराऊन कोन? छप्पर आमी शाकारल्यालं." आता सगळा हॉल हसला. जुने विद्यार्थी बरेच होते, त्यांना रीत आठवली. ते आपणहून उठू लागले. मामावाला उठला, खोकल्यावाली उठली. मी सावकाश वाचत होते आणि दर वाक्यानंतर प्रज्ञेशकडे बघत होते. त्याची मान खाली खाली चालली होती. माझ्या पोटात महिनाभर जळत होतं ते थंड होत होतं. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ना, तसं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

शेवटचं पान उघडलं तसा तो जागचा उठला. त्याला कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "बाई, ते नको." माइकमध्ये गेलं नाही, पण मला ऐकू आलं. मी त्याच्याकडे बघतच वाचलं. "माय मदर एन्ड्युअर्स माय फादर."

कोणी हसलं नाही. अर्ध्या लोकांना कळलं आणि त्यांनी फोटोकडे पाहिलं. सावित्राबाईला मदर आणि फादर एवढे दोन शब्द समजले असावेत. तिने मुलाला विचारलं, "काय म्हनल्या रं बाई?"

प्रज्ञेश माझ्याकडे बघू लागला.

"सांग की. माज्या न् तुज्या बापाबद्दलच हाय न्हवं?"

"आई बाबांना सोसते, असं," तो म्हणाला.

तिने पदर सावरला. मग खुर्चीच्या हाताला धरून उठली. सगळे उठले होते तशीच, रीतीप्रमाणे.

"आमच्या घरचं हाय," ती म्हणाली.

मला माइक खाली ठेवायचा होता, पण ती माझ्याकडेच येत होती. दोन पायऱ्या चढून ती टेबलापाशी आली आणि वहीत वाकून पाहू लागली. तिला वाचता येत नाही. तिने त्या ओळीवर बरोबर बोट ठेवलं, कारण माझं बोट तिथेच होतं.

"ह्ये ह्यानं कवा लिवलंतं?"

"आठवीत असताना."

"म्हंजी तवाच तुमाला ठावं व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. मी व्हय म्हटलं की हो म्हटलं ते आठवत नाही.

"आन ह्ये लाल काय हाय?"

ओळीपुढे माझी लाल खूण होती, आणि तिच्या शेजारी मी इंग्रजीत लिहिलं होतं, 'व्हेरी गुड'. वीस वर्षांपूर्वी एका मुलाने घरातलं सगळ्यात खरं वाक्य आणून माझ्यापुढे ठेवलं होतं आणि मी शब्द नीट वापरला म्हणून खूश झाले होते. त्या शनिवारी हे वाक्य वाचल्यावर तो उभा राहिला होता का, हे मी किती आठवलं तरी आठवेना.

"बरोबरची खूण आहे," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "बरोबरच लिवलंतं पोरानं."

प्रज्ञेशने पुढे येऊन माइक उचलला आणि सांगितलं, की ही सगळी वाक्यं बाईंच्या वहीतली आहेत, पद्धत बाईंची आहे, पुढच्या आवृत्तीवर त्यांचं नाव येईल आणि माणसांची नावं पहिल्यासारखी होतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि त्यातलं काहीच घरी न्यावंसं वाटेना.

खाली मान घालून मी पायऱ्यांकडे निघाले तर सावित्राबाई म्हणाली, "बाई, थांबा. शाल ऱ्हायली."

मी नको नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. कार्यक्रमात ठरलं होतं ते व्हायला पाहिजे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने तबकातली शाल घेतली, घडी मोडली, झटकली आणि माझ्यासमोर उभी राहिली. उजव्या हाताने एक टोक माझ्या खांद्यावर आणलं. डावा हात कोपरापर्यंत वर आला आणि तिथेच थांबला. तिने पुन्हा एकदा उचलून पाहिला. तो वर जात नव्हता.

मला वाकावं लागलं. मी पुरेशी वाकले, तेव्हा तिने शाल माझ्या दोन्ही खांद्यांवर नीट घातली.