मुन्शीची बाज

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात चंद्रपूरहून निघाल्यापासून डॉ. खाडिलकर जीपवाल्या नईमला मुलाखत कशी घ्यावी ते शिकवत होते. समोरच्याला मोकळं वाटलं पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. नईम मान डोलवत होता आणि मनात हसत होता. त्याचा बाप याच जंगलातल्या आठवडी बाजारांत बांगड्या विकायचा. गोंडी त्याच्या तोंडात तेव्हापासूनची. म्हणून तर पुण्याच्या या विद्वानाने त्याला दुभाषी म्हणूनही घेतला होता.

विषय होता तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांवरचा अन्याय. अहवाल तालुक्याच्या समितीपुढे जाणार होता आणि ठेकेदाराच्या वतीने पाने मोजून घेणारा मुन्शी ठेवायचा की हाकलायचा ते त्यावरून ठरणार होतं. पानं तोडणाऱ्यांतली बुधरी त्या अहवालाचीच वाट पाहत होती. तिने पहाटेपासून तोडलेल्या पानांचे पुडे मुन्शी रोज खराब म्हणून बाजूला काढायचा आणि तिची पाठ वळली की गुपचूप आपल्या ढिगात टाकायचा.

नईमने सांगून पाहिलं, की दुपारी घरी जाऊ, बायका ओसरीवर पुडे बांधत बसतात, तिथं बोलतील. पण दुपारी साहेबांना ऊन लागतं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने जमा करायच्या मैदानावर, सगळ्या आयत्याच सापडतात. एवढी अक्कल यायला डॉक्टरकी करावी लागते.

साहेब गेले ते थेट मुन्शीच्या मांडवात. त्याच्याच बाजेवर ऐसपैस बसले, त्याचाच चहा प्याले आणि त्याच्यादेखत बुधरीला विचारलं, मुन्शी त्रास देतो का. मुन्शी शेजारी उभा राहून मिशीवर हात फिरवत होता. बुधरी नाही म्हणाली. तिच्यामागच्या सगळ्याच नाही म्हणाल्या. साहेबांनी भराभर रकाने भरले. नईमला साहेबांचा मनापासून तिटकारा आला.

जीप निघाली तेव्हा वळणावर बुधरी आडवी आली. साहेबांकडे तिने पाहिलंही नाही. नईमला गोंडीत म्हणाली, "त्याले समजत नाई. तुले तर समजते नं? तू काऊन बसू देल्ला त्याले त्या बाजेवर? उद्या दुपारी घरी घेऊन ये. सगळं सांगतो आम्ही."

"काय म्हणतेय?" साहेबांनी विचारलं.

उद्या दुसरं गाव ठरलं होतं. जीपच्या भाड्याचे अजून आठ दिवस बाकी होते, आणि साहेबांना शहाणपण शिकवलेलं खपत नसे.

"सगळं चांगलं हाय म्हणते, साहेब."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. बुधरीला बाजारापुरतं मराठी समजत होतं. ती नईमच्या बाजूला जीपच्या दारापाशी थुंकली आणि वाटेतून बाजूला झाली.